सहा विषय, एकच साचा : जळगावातील एका महिला कोडिंग गटाचे वर्षभराचे कार्यक्रम

जळगावातील महिलांच्या एका कोडिंग गटाची मी गेल्या वर्षी ५०० रुपये वर्गणी भरून सभासद झाले आणि वर्षभरातील बारापैकी नऊ कार्यक्रमांना भुसावळहून जाऊन उपस्थित राहिले. घरी बसून संकेतस्थळे तयार करण्याचे काम मी काही वर्षांपासून करीत असल्यामुळे मला शिकवणीपेक्षा या कामातल्या सोबतिणींची गरज अधिक होती. हा अभिप्राय त्या अपेक्षेतून लिहिलेला आहे, हे वाचणारीने आधीच लक्षात घ्यावे.

पहिल्या सहा महिन्यांचे वेळापत्रक कागदावर भरगच्च दिसत होते. कृत्रिम बुद्धिमत्ता, क्लाउड, सायबर सुरक्षा, मोबाइल अॅप, मुलाखतीची तयारी आणि फ्रीलान्सिंग असे सहा वेगळे विषय होते. प्रत्यक्षात मात्र सहाही वेळा पुण्याहून बोलणारी वक्ती पडद्यावर, आम्ही खुर्च्यांवर, शेवटची दहा मिनिटे प्रश्नांना आणि मग चहा, हाच क्रम राहिला. विषय बदलला की कार्यक्रम बदलला, असा आयोजक ताईंचा समज असावा. नुकतीच पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकू लागलेल्या महाविद्यालयीन मुलींच्या डोक्यावरून बरेचसे जात होते, नोकरी करणाऱ्यांना त्यातले बरेचसे आधीच ठाऊक होते आणि लग्नानंतर काम सुटलेल्या, आता पुन्हा उभे राहू पाहणाऱ्या बायका तर कोणाच्याच हिशेबात नव्हत्या. चौथ्या कार्यक्रमापर्यंत अर्ध्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या.

जुलैमध्ये आयोजकांनी वक्तीला न बोलावता प्रत्येकीला लॅपटॉप घेऊन यायला सांगितले आणि तेथून गटाचे रूप पालटले. त्या दिवशी गिट, म्हणजे अनेकींनी एकाच फाइलमध्ये केलेले बदल नोंदवून एकत्र करणारे साधन, शिकवायचे होते. दर तिघींमागे एक जाणकार सभासद बसविली होती. स्त्रियांना प्रोग्रॅमिंग शिकविणाऱ्या, २०१४ मध्ये बर्लिनला सुरू झालेल्या जँगो गर्ल्सच्या कार्यशाळांत साधारण अशीच रचना असते. वांग्याच्या भरताची कृती लिहिलेली एकच फाइल सगळ्यांना दिली होती. माझ्या शेजारच्या यावलच्या मुलीने शेवटच्या ओळीत ‘कळण्याच्या भाकरीसोबत वाढावे’ असे लिहिले, मी त्याच ओळीत ‘पुरीसोबत’ लिहिले आणि दोन्ही बदल एकत्र करताना गिट अडले. पडद्यावर वर डाव्या कोनाची सात चिन्हे, मध्ये बरोबरची सात, खाली उजव्या कोनाची सात आणि त्यांच्यामध्ये आमच्या दोघींच्या ओळी जशाच्या तशा उभ्या राहिल्या. भाकरी की पुरी, हा वाद खानदेशात यंत्राने मिटणारा नव्हेच. तो माणसानेच वाचून, एक ओळ ठेवून किंवा दोन्ही जोडून, चिन्हे पुसून मिटवायचा असतो, हे त्या मुलीला ज्या क्षणी उमगले तो मी पाहिला आहे. तासभराच्या व्याख्यानाने ते साधले नसते. (शेवटी भाकरी राहिली.)

सप्टेंबरचा कार्यक्रम माझ्या मते वर्षातील सर्वांत चांगला होता. सभासदांनीच प्रत्येकी पाच मिनिटे आपल्या कामातील एक अडचण मांडायची, एवढाच नियम होता. अमळनेरच्या एका शिक्षिका मॅडमनी शाळेच्या ओळखपत्रांसाठी पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला होता आणि लांब मजकूर कार्डात बसावा म्हणून तो ठरावीक अक्षरांवर तोडला होता. ‘नंदुरबार’ सहा अक्षरांवर तोडताच ‘नंदुरब’ एवढेच छापले गेले आणि काना गळून पडला. आपण या शब्दात पाच अक्षरे मोजतो. पायथन मात्र अनुस्वार, उकार आणि काना वेगळे धरून आठ मोजतो, कारण संगणकावर अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड पद्धतीत त्या प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक आहे. त्यावर सभागृहात जी चर्चा झाली, ती घड्याळ पाहून थांबवावी लागली. मराठीत काम करणाऱ्या बाईलाच पडेल असा हा प्रश्न होता आणि तो मांडायला बाहेरून कोणाला बोलवावे लागले नाही.

ऑक्टोबरमध्ये शेजारच्या खोलीत मुलांसाठी स्क्रॅचचा (ठोकळे जोडून प्रोग्रॅम करण्याच्या सोप्या भाषेचा) वर्ग ठेवल्यामुळे अनेक आया प्रथमच पूर्ण वेळ बसल्या. उरलेल्या दोन कार्यक्रमांविषयी विशेष लिहिण्यासारखे नाही.

तक्रारी दोन आहेत. पहिली वेळेची. दुपारी तीनचा कार्यक्रम सहापर्यंत चालतो आणि चोपडा, रावेरकडच्या मुली साडेचारपासून एसटीच्या काळजीने चुळबुळ करू लागतात. सकाळी दहा ते एक ही वेळ सर्वांना सोयीची असताना ती एकदाही ठेवली गेली नाही. दुसरी तक्रार तारखांची. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लागून आलेल्या रविवारी कार्यक्रम ठेवला, तेव्हा निम्म्या सासुरवाशिणी माहेरी झोक्यावर होत्या. श्रावणात कानबाईच्या, म्हणजे खानदेशातील देवीच्या उत्सवाच्या, रविवारी तर घरोघरी नैवेद्याच्या रोटांची गडबड असते. त्या दिवशी आम्ही सात जणी आलो आणि त्यातल्या तिघी आयोजकच होत्या. पुण्याच्या गटाचे वेळापत्रक उचलून येथे लावले की असे होते.

वर्गणीविषयी मात्र माझी तक्रार नाही. २०११ मध्ये सुरू झालेली आणि जगभर पसरलेली विमेन हू कोड ही तंत्रज्ञानात काम करणाऱ्या स्त्रियांची संस्था निधीअभावी २०२४ मध्ये बंद करावी लागली. त्यामुळे प्रायोजकाची वाट न पाहता सभासदांच्या पैशांतून सभागृहाचे भाडे आणि चहा भागविण्याचा या गटाचा हट्ट मला पटतो.

मी यंदाही वर्गणी भरली आहे. नवे वेळापत्रक गेल्या आठवड्यात मिळाले. त्यात एक महिना प्रत्यक्ष कामाचा आणि एक महिना अनुभवकथनाचा अशी आलटून पालटून आखणी केली आहे, व्याख्याने दोनच ठेवली आहेत आणि आखाजीचा रविवार मोकळा सोडला आहे. कानबाईच्या रविवारी मात्र पुन्हा कार्यशाळा आहे. मी ताईंना तसे कळविले असून त्यांच्या उत्तराची वाट पाहत आहे.