क्लबचा करार की अमेरिकेतलं कॉलेज?

मुलगा अठराचा, बास्केटबॉल खेळतो, उंची दोन मीटरच्या वर. युरोपातला क्लब करार द्यायला तयार आहे आणि अमेरिकेतलं कॉलेज शिष्यवृत्ती. सही कुठे करायची?

लुका डॉन्चिचकडे पाहिलं तर क्लबच. ल्युब्लियानाचा हा मुलगा तेराव्या वर्षी माद्रिदला गेला, सोळाव्या वर्षी रिआल माद्रिदच्या मोठ्या संघातून उतरला. २०१८ मध्ये युरोलीग ही युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा जिंकली आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. पण अशी मुलं पिढीत एखादीच. मोठ्या क्लबात अठरा वर्षांच्या पोराच्या वाट्याला बहुतेक वेळा बाकच येतो.

बर्लिनच्या फ्रान्झ वाग्नरने म्हणूनच २०१९ मध्ये आल्बा बर्लिनचा करार बाजूला ठेवून मिशिगन विद्यापीठ धरलं. भाऊ मोरिट्झ तिथेच खेळून गेला होता. दोन वर्षं त्याला मनसोक्त खेळायला मिळालं. २०२१ मध्ये यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाविरुद्ध अगदी शेवटच्या सेकंदांत त्याचा तीन गुणांचा शॉट रिंगलाही लागला नाही आणि मिशिगन ५१-४९ असं हरलं. तरी त्याच वर्षी एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू आळीपाळीने निवडतात तिथे, ऑरलँडोने त्याला आठवा निवडलं. पदवीला लागतात चार वर्षं, तो राहिला दोनच.

पैशाचं गणित आता बदललंय. जुलै २०२५ पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पण विद्यार्थी व्हिसावर कमाईची बंधनं असतात. वकिलाला विचारल्याशिवाय हे पैसे हिशेबात धरू नका. अभ्यासही नावापुरता चालत नाही: दर सत्राला किमान १२ क्रेडिट घ्यावे लागतात, मागे पडलं की खेळणं बंद.

मला मात्र सगळ्यात जास्त शिकवून गेला तो प्शेमेक कार्नोव्स्की. पोलंडच्या तोरुन्यचा हा धिप्पाड सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, २०१२ मध्ये अमेरिकेतल्या गोंझागा विद्यापीठात गेला. चौथ्या मोसमात पाच सामन्यांनंतर पाठ गेली, शस्त्रक्रिया झाली. जखमी खेळाडूंसाठीच्या नियमाने खेळायचं ते वर्ष परत मिळालं. पाचव्या वर्षी तो उभा राहिला आणि २०१७ मध्ये गोंझागा कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पहिल्यांदाच पोचलं. नॉर्थ कॅरोलायनाकडून ७१-६५ ने हरलं. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव आलं नाही.

डॉन्चिचइतकी खात्री नसेल तर माझं मत कॉलेजला. फक्त सहीआधी प्रशिक्षकाला विचारा: पोराची पाठ गेली, तर शिष्यवृत्ती किती वर्षं चालू राहील? उत्तर लेखी घ्या.