बेजचं गणित: सूत्रानं सोडवावं की माणसं मोजून?

प्रोबॅबिलिटीत नाणी, फासे, पत्ते इथपर्यंत बहुतेकांचं बरं चालतं. गाडी अडते ती बेजच्या प्रमेयाशी, म्हणजे परिणाम दिसल्यावर त्यामागे अमुक कारण असण्याची शक्यता काढायच्या नियमाशी. तिथे एक तर सूत्रात किमती घालायच्या, नाहीतर टक्के बाजूला ठेवून दहा हजार माणसं धरायची आणि सरळ मोजायचं. माझ्याकडे संध्याकाळी शिकायला येणाऱ्या मुलांकडून मी दोन्ही पद्धतींनी भरपूर गणितं सोडवून घेतली आहेत, त्यावरून जे वाटतं ते सांगतो.

समजा, एक आजार ०.५ टक्के लोकांना आहे. चाचणी आजारी माणसाला ९६ टक्के वेळा पकडते, पण धडधाकट माणसालाही २ टक्के वेळा आजारी ठरवते. चाचणी पॉझिटिव्ह आली, तर आजार खरंच असण्याची शक्यता किती?

सूत्रानं गेलात तर अंशात ०.००५ गुणिले ०.९६, म्हणजे ०.००४८. छेदात तेच, अधिक ०.९९५ गुणिले ०.०२, म्हणजे ०.०१९९. भागाकार साधारण ०.१९४.

आता १०,००० माणसं घ्या आणि तक्ता मांडा. आजारी ५०, त्यांतले ४८ पॉझिटिव्ह. धडधाकट ९,९५०, त्यांतले १९९ पॉझिटिव्ह. एकूण २४७ पॉझिटिव्ह, त्यांत खरे आजारी ४८. उत्तर तेच.

वेळेत फारसा फरक पडत नाही. मला खटकतं ते वेगळंच. सूत्रानं सोडवताना मुलगा छेदातलं दुसरं पद विसरला, किंवा 'पी ऑफ ए गिव्हन बी'च्या (बी घडल्यावर ए घडण्याच्या शक्यतेच्या) जागी 'पी ऑफ बी गिव्हन ए' धरून बसला, तर त्याला ते कळायला काही वावच नसतो. ०.९६ उत्तर काढणारा मुलगा ०.१९४ काढणाऱ्याइतक्याच समाधानानं वही पुढे करतो. शून्यापुढचे ते आकडे दोघांनाही सारखेच मुके. ‘छेदात काय घेतलंस?’ असं विचारलं की तो सूत्र म्हणून दाखवतो. तक्त्यात मात्र ते १९९ धडधाकट लोक ४८ जणांच्या शेजारीच उभे असतात, त्यांना विसरणं अवघड जातं. ‘एवढी चांगली चाचणी, मग उत्तर वीस टक्क्यांच्या आत कसं?’ हा प्रश्न मुलं आपण होऊन विचारतात, आणि उत्तरही त्यांना तक्त्यातच सापडतं. सूत्र शिकवताना हा प्रश्न मला क्वचितच ऐकू आला. गिगरेंझर आणि हॉफराग या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली हेच दाखवलं होतं, की टक्क्यांऐवजी मोजलेल्या संख्या दिल्या की लोकांना असली गणितं जास्त जमतात.

अर्थात तक्त्याचेही नखरे आहेत. तीन मशीनच्या बोल्टचं ते नेहमीचं गणित बघा: उत्पादनात वाटा २५, ३५, ४० टक्के आणि सदोष माल अनुक्रमे ५, ४, २ टक्के. १,००० बोल्ट धरलेत तर पहिल्या मशीनचे साडेबारा सदोष! अर्धा बोल्ट पाहून मुलं हसतात. मग १०,००० धरायचे: १२५, १४० आणि ८०. सदोष बोल्ट दुसऱ्या मशीनचा असण्याची शक्यता १४० भागिले ३४५, म्हणजे २८/६९. पण माहिती एक तृतीयांश, दोन सप्तमांश अशी आली की आधी लसावि काढत बसावं लागतं, आणि प्रश्नात नुसती अक्षरं असतील तर तक्ता उपयोगाचा नाही. ट्री डायग्रामचं विचाराल, तर फांद्यांवर अपूर्णांक लिहिले की ते सूत्रच झालं.

बोर्डाच्या पेपरात पायऱ्यांना गुण असतात. तिथे सूत्र लिहिलेलं बरं, उगाच परीक्षकाशी वाद नको. सीईटीला गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, तेही पर्याय निवडून. तिथे कच्च्या कागदावर तक्ता मांडला तर कोणी विचारत नाही. एक गंमत म्हणजे आपण पाठ करतो ते सूत्र खुद्द बेजच्या लेखात या रूपात नाहीच. त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ साली, मित्र रिचर्ड प्राइसनं तो लेख पुढे आणला. सर्वसाधारण मांडणी झाली ती पुढे लाप्लासच्या हातून.

एखाद्याला सूत्रच सोयीचं वाटत असेल तर हरकत नाही, काहींचा हात त्यावर खरंच बसलेला असतो. मी स्वतः आधी तक्ता मांडून घेतो आणि त्यातल्या प्रत्येक संख्येला १०,००० नं भागायला लावतो. ०.००४८ आणि ०.०२४७ आपोआप समोर येतात, मग सूत्र फळ्यावर लिहायला मुलालाच सांगतो.