टीडीसीएस की टीएमएस? निरोगी माणसाने कसब शिकण्यासाठी काय निवडावे

पियानोवर, कीबोर्डवर किंवा नेमबाजीत हात लवकर बसावा म्हणून मेंदूला बाहेरून उद्दीपन द्यावे का, असा विचार करणाऱ्या निरोगी माणसासमोर प्रामुख्याने दोन तंत्रे येतात. टीडीसीएसमध्ये (ट्रान्सक्रेनियल डायरेक्ट करंट स्टिम्युलेशन, म्हणजे विजेच्या एकदिश प्रवाहाने उद्दीपन) खाऱ्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजाच्या दोन इलेक्ट्रोडमधून सुमारे १ ते २ मिलिअँपिअर इतका सौम्य प्रवाह १० ते २० मिनिटे डोक्यातून जाऊ दिला जातो. टीएमएसमध्ये (ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, म्हणजे चुंबकीय उद्दीपन) डोक्यावर धरलेल्या कॉइलमधून चुंबकीय स्पंद सोडले जातात आणि त्यांच्यामुळे मेंदूत क्षणिक प्रवाह निर्माण होतो. दोन्हींत त्वचेला छेद द्यावा लागत नाही, पण त्यांच्या कामाची रीत आणि जोखीम सारखी नाही.

टीएमएसचा स्पंद चेतापेशींना प्रत्यक्ष उत्तेजित करतो. हाताच्या हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या पट्ट्यावर तो पडला की बोट आपोआप हलते. टीडीसीएसचा प्रवाह इतका दुबळा असतो की त्याने पेशी पेटत नाही, म्हणजे संदेश सोडत नाही, केवळ ती पेटण्याची शक्यता कमी-जास्त होते. त्यातही बराचसा प्रवाह कातडी आणि कवटीतूनच वळसा घेतो. म्हणूनच सरावाशिवाय टीडीसीएसकडून कसबाची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही, आणि हे विक्रेत्यांच्या जाहिरातींत ठळकपणे सांगितले जायला हवे असे मला वाटते.

टीडीसीएसच्या बाजूने सर्वाधिक दिला जाणारा पुरावा २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा आहे. चिमटीने दाब देऊन पडद्यावरची खूण ठरावीक क्रमाने हलवण्याचा सराव निरोगी लोकांनी सलग ५ दिवस केला आणि त्याच वेळी काहींना खरे, तर काहींना तुलनेसाठी खोटे, म्हणजे केवळ दिल्यासारखे भासवलेले, उद्दीपन दिले गेले. खरे उद्दीपन मिळालेल्यांची प्रगती अधिक झाली, मात्र हा लाभ मुख्यतः एका दिवसाच्या सरावापासून दुसऱ्या दिवसाच्या सरावापर्यंतच्या मधल्या काळात, म्हणजे शिकलेले पक्के होताना दिसला. तीन महिन्यांनंतरही तो गट पुढे होता, तरी विसरण्याचा वेग दोन्ही गटांत सारखाच होता. हा निष्कर्ष आशादायक आहे, पण तो प्रयोगशाळेतल्या एका साध्या कृतीपुरता आहे. २०१४ साली पियानोवादकांवर झालेल्या प्रयोगात तर वाद्य न शिकलेल्यांना फायदा दिसला, कसलेल्या वादकांना दिसला नाही. लहान मेंदूवर (सेरेबेलम, डोक्याच्या मागच्या बाजूचा मेंदूचा भाग) दिलेल्या टीडीसीएसने हालचाली बदललेल्या परिस्थितीशी जुळवून घेणे जलद होते, असे २०११ मध्ये आढळले; नंतरच्या प्रयोगांत मात्र तोच परिणाम खात्रीने मिळाला नाही.

टीएमएसचे चित्र याहून गुंतागुंतीचे आहे. २००५ मध्ये मांडल्या गेलेल्या थीटा बर्स्ट पद्धतीने, म्हणजे स्पंद जलद झुबक्यांनी देऊन, अवघ्या तीन मिनिटांत ६०० स्पंदांनी मेंदूची उत्तेजकता काही काळ वाढवता येते, पण हा प्रतिसाद व्यक्तीनुसार फार बदलतो. शिवाय २००२ साली एका प्रयोगात सरावानंतर लगेच १ हर्ट्झने (सेकंदाला एक) दिलेल्या स्पंदांनी नुकताच कमावलेला लाभ पुसून टाकला. सहा तासांनी दिलेल्या त्याच स्पंदांनी काहीही बिघडले नाही. एकाच तंत्राने शिकणे सुधारू शकते आणि बिघडूही शकते, म्हणून स्पंदांची गती, जागा आणि वेळ यांवर सारे अवलंबून आहे. घरी हे सांभाळणे अशक्य आहे. फिट येण्याचा धोका दुर्मीळ असला तरी खरा आहे, यंत्र महागडे आहे आणि स्पंदांचा टक् टक् आवाज मोठा असल्याने कानांत बोळे घालावे लागतात.

टीडीसीएसचे दुष्परिणाम बहुधा खाज, मुंग्या आणि लालसरपणा यांपुरते राहतात. इलेक्ट्रोड सुकला किंवा नीट बसला नाही तर भाजूही शकते. घरगुती उपकरण तुलनेने स्वस्त मिळते, हेच त्याचे आकर्षण आणि हीच काळजीची बाब आहे, कारण इलेक्ट्रोड दोन बोटे इकडेतिकडे सरकला तरी प्रवाहाचा मार्ग बदलतो. २०१६ मध्ये मेंदूविषयक संशोधकांच्या एका गटाने खुल्या पत्रातून घरच्या घरी टीडीसीएस करणाऱ्यांना सावध केले होते. एका कौशल्यात मिळालेल्या लाभाची किंमत दुसऱ्या क्षमतेत मोजावी लागू शकते, हाही त्यांचा एक मुद्दा होता.

त्यामुळे केवळ कसब वाढवायचे असेल तर मी घरी दोन्हींपैकी काहीच घेऊ नये असे सांगेन आणि तोच वेळ दिवसांत विभागलेल्या सरावाला व पुरेशा झोपेला द्यावा असे सुचवेन. तरीही अनुभव घ्यायचाच असेल तर नैतिक समितीची मान्यता असलेल्या संशोधनात सहभागी व्हावे आणि तेथे टीडीसीएसला पसंती द्यावी. त्याआधी विचारावे की उद्दीपन सरावाबरोबरच दिले जाणार आहे का, खोट्या उद्दीपनाचा गट आहे का आणि काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी होणार आहे का. अपस्मार, डोक्यात धातू, पेसमेकर किंवा गर्भारपण असल्यास ते सहभागापूर्वीच तेथील डॉक्टरांना सांगावे.