‘एक लाख व्हिस्कॉसिटी’च्या नादात मी कसा गंडलो

मी टाइल चिकटवायचं अ‍ॅडेसिव्ह बनवतो. सिमेंट, चाळलेली वाळू, थोडी पॉलिमर पावडर आणि एचपीएमसी (सेल्युलोजपासून बनवलेली, पाण्यात घट्ट होणारी पावडर), एवढाच मामला. यात सगळ्यात कमी लागतो तो एचपीएमसी, हजार किलो मालाला जेमतेम तीन किलो. म्हणजे त्याच्या २५ किलोच्या एका गोणीतून आठ टन अ‍ॅडेसिव्ह निघतं, आणि ती गोणी भेसळीची असेल तर आठ टन माल वाया. हे गणित मला तोंडपाठ होतं. तरी फसलो.

एक दलाल नमुना घेऊन आला. भाव नेहमीपेक्षा बराच कमी, आणि रिपोर्टवर ठळक अक्षरांत ‘व्हिस्कॉसिटी १,००,०००’. व्हिस्कॉसिटी म्हणजे द्रावणाचा घट्टपणा, तो सीपीएस या एककात मोजतात. आमचा नेहमीचा माल ४०,००० सीपीएसचा. मला वाटलं, अडीचपट जाड आणि वर स्वस्त! नमुना वापरून पाहिला, तो खरंच चांगला होता. वीस गोण्या मागवल्या. त्या आल्यावर एकही उघडून तपासली नाही. नमुना पास झाला म्हणजे माल पास, असं मी धरून चाललो. पहिली चूक तीच.

दुसरी चूक म्हणजे तो आकडा. दोन टक्के द्रावण, २० अंश सेल्सिअस, यंत्र कोणतं, त्याची स्पिंडल (द्रावणात फिरणारी दांडी) कोणती आणि फेरे किती, हे लिहिलेलं नसेल तर व्हिस्कॉसिटीच्या आकड्याला काही अर्थ नसतो. हे द्रावण ढवळताना जितका वेग जास्त तितकं पातळ भासतं, त्यामुळे यंत्र आणि वेग बदलला की आकडाही बदलतो. जास्त जाड ग्रेडमध्ये एका यंत्रावरचे एक लाख दुसऱ्या यंत्रावर निम्म्याच्या आसपास भरतात. माझा चाळीस हजारांचा माल एका पद्धतीने मोजलेला, त्याचा एक लाखाचा दुसऱ्या. मी दोन वेगळ्या फूटपट्ट्यांची तुलना करत बसलो होतो.

पंधरा दिवसांत गवंड्याचा फोन आला, “साहेब, टाइल हाताने निघतेय.” जाऊन पाहिलं. टाइलची पाठ कोरी. भिंतीवर दात्याच्या थापीच्या रेघा जशाच्या तशा उभ्या, आणि त्यांच्यावर दुधावर धरावी तशी साय. खरवडलं तर आतलं सिमेंट भुसभुशीत.

आधी मी त्या गवंड्यालाच झापलं. मग वाळूवर संशय घेतला, मग सिमेंटवर. (त्याची माफी नंतर मागितली, पण तो आता दुसऱ्याचा माल वापरतो.) खरं तर चिन्हं स्पष्ट होती. एचपीएमसीसारखे सेल्युलोज इथर घालतात ते मुख्यतः पाणी धरून ठेवायला. कोरडी भिंत आणि ऊन मिळून पातळ थरातलं पाणी ओढून घेतात. पाणी टिकलं नाही तर वर साय धरते, टाइल बसवायला मिळणारा वेळ संपतो आणि आतल्या सिमेंटला मुरायला ओल उरत नाही. नुसता घट्टपणा दुसऱ्या कशानेही आणता येतो. पाणी धरणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि मी पैसे मोजले होते घट्टपणाचे.

दलालाला फोन केला. म्हणाला, “डोस वाढवा, साडेचार किलो घाला.” घातला. साय थोडी कमी झाली, पण आता अ‍ॅडेसिव्ह सेटच होईना. दुसऱ्या दिवशी दाबली तर टाइल सरकायची. जास्त सेल्युलोज इथरने सिमेंट उशिरा पकडतं, आणि यातली भेसळही तेच करत असावी. शिवाय दीडपट माल घालून स्वस्ताईही संपली. मग त्याचं नवं म्हणणं, “तुमचं पाणी खारट असेल.” त्यानंतर फोन लागेना.

शेवटी जुन्या खात्रीच्या मालाची शिल्लक पुडी आणि नवा माल शेजारी शेजारी ठेवून बसलो. उकळत्याच्या जवळ गेलेल्या पाण्यात दोन्ही टाकले. खरा एचपीएमसी गरम पाण्यात विरघळत नाही, नुसता पसरतो आणि पाणी गार होऊ लागलं की घट्ट होतो. जुन्याने तेच केलं. नव्याच्या पाण्यात टाकताक्षणी चिकट गुठळ्या. मग दोन्ही गार द्रावणं हळूहळू तापवली. जुनं साठ-सत्तर अंशांच्या पुढे दुधासारखं पांढरं होऊन गोठलं आणि गार केल्यावर पुन्हा पारदर्शक झालं. नवं जरासं गढुळलं, बस्स. नव्या द्रावणात आयोडीनचा थेंब टाकला तर जांभळट निळा रंग, म्हणजे स्टार्च. स्टार्च इथर (स्टार्चपासून बनवलेली पावडर) घालणं हा गुन्हा नाही, टाइल घसरू नये म्हणून थोडं आम्हीही घालतो, पण सांगून आणि वेगळं. चमचाभर पावडर जाळली. जुन्याची चिमूटभर राख, नव्याचा पांढरा ढीग. यात सीएमसी (सेल्युलोजपासूनच बनणारी दुसरी पावडर) आहे असा माझा अंदाज. ते सोडियमचं असतं म्हणून राख सोडतं, आणि सिमेंटमधल्या चुन्याशी त्याचं जमत नाही.

एक इशारा. काही ग्रेडच्या पावडरीवर प्रक्रिया केलेली असते, ती साध्या पाण्यात बराच वेळ विरघळत नाही आणि चुन्याचं पाणी घातलं की लगेच घट्ट होते. तिला घाईने नकली ठरवू नका.

आता ऑर्डरमध्येच लिहून घेतो : व्हिस्कॉसिटी कोणत्या यंत्रावर आणि किती फेऱ्यांना, ओलावा किती, राख किती, जेल होण्याचं तापमान किती, आणि रिपोर्टवरचा लॉट नंबर गोणीवरच्या नंबराशी जुळला पाहिजे. माझ्या वीस गोण्यांवर तीन वेगळे नंबर होते, हे मी बराच माल वापरून झाल्यावर वाचलं. नमुना गोणीच्या तळातून आणि मधूनही घेतो, आणि प्रत्येक लॉटची बरणी वर्षभर ठेवतो. नवा लॉट आला की आधी एकच घाणा करतो, तापलेल्या कोरड्या भिंतीवर रेघा ओढतो, वीस मिनिटांनी टाइल दाबतो आणि लगेच उचकटून पाठ पाहतो. पाठीवर माल लागला नसेल तर गाडी परत.

सहा गोण्या अजून कोपऱ्यात पडून आहेत. पुट्टी बनवणारा एक जण अर्ध्या भावात मागत होता. कारण सांगितल्यावर म्हणाला, “पुट्टीत कुठे कळतंय?” दिल्या नाहीत.