मराठवाड्यातल्या फिश टँकसाठी फिल्टर: स्पंज, हँग-ऑन की कॅनिस्टर?

दोन फुटी टाकी, बोअरचं किंवा टँकरचं पाणी आणि कधीही जाणारी लाइट, असं घर असेल तर एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर घ्यावा. हँग-ऑन, म्हणजे टाकीच्या काठावर बाहेरून टांगायचा मोटरचा फिल्टर, इन्व्हर्टर असेल तरच. कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवून नळ्यांनी जोडायचा बंद डब्याचा फिल्टर, चार फुटांच्या आतल्या टाकीला घेऊच नये. संभाजीनगर असो, लातूर असो की नांदेड, याची कारणं आपल्या पाण्यात आणि उन्हाळ्यात आहेत.

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमध्ये वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. फिल्टरचं खरं काम हेच. पाणी नितळ दिसणं नंतरचं. आपल्याकडचं काळ्या खडकातलं बोअरचं पाणी जड असतं आणि त्याचा पीएच बऱ्याचदा ८ च्या आसपास असतो. पीएच ७ वरून ८ वर गेला की अमोनियातला विषारी भाग जवळपास दहापट होतो, पाणी तापलं की आणखी वाढतो. त्यात ऑक्सिजनची टंचाई. २५ अंशांना लिटरभर पाण्यात ८ मिलिग्रॅमहून थोडा जास्त ऑक्सिजन मावतो, ३२ अंशांना ७.३ च्या आसपास. मे महिन्यात मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात ते यामुळे.

स्पंज फिल्टर दोन-चारशे रुपयांत मिळतो. पंपाची हवा नळीतून वर चढते, तिच्यामागे पाणी स्पंजातून ओढलं जातं आणि पृष्ठभाग सतत हलता राहतो. पाणी गाळणं आणि हवा देणं एकाच पंपात भागतं. २ बाय १ बाय १ फुटाच्या टाकीत रेती धरून साधारण ५० लिटर पाणी राहतं. तिला एक मोठा स्पंज घालण्यापेक्षा दोन मध्यम घालावेत आणि दोन तोंडांचा, ४-५ वॅटचा पंप लावावा. स्पंज जाड छिद्रांचा निवडावा. बारीक छिद्रांचा लवकर तुंबतो, तो पिल्लांच्या टाकीलाच ठीक. बूड वजनदार असलेलं मॉडेल बघा. काचेला चिकटवायचा रबरी कप उन्हाळ्यात कडक होतो आणि सुटतो. नळीही सिलिकॉनची घ्या, पारदर्शक प्लास्टिकची नळी काही महिन्यांत ताठ होऊन जोडावर हवा सोडते.

पंप टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवायचा. ते जमत नसेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर लाइट गेल्यावर पाणी नळीतून उलटं येतं, पंप जातो आणि जमीन ओली होते. व्हॉल्व्ह बसवण्याआधी फुंकून पाहा; हवा टाकीच्या दिशेनेच गेली पाहिजे.

लाइट गेल्यावर स्पंज टाकीच्याच पाण्यात उघडा असतो, त्यामुळे त्यातले जिवाणू बराच वेळ तग धरतात. तरीही यूएसबीवर चालणारा छोटा एअर पंप आणि पॉवर बँक घरात असू द्या. काही पॉवर बँका इतका कमी विद्युतप्रवाह लागला की आपोआप बंद पडतात. त्यामुळे आधीच एखाद्या रात्री चालवून खात्री करा.

धुणं हा या फिल्टरचा सगळ्यात मोठा गुण. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात नळ सोडून धुवावा लागणारा फिल्टर परवडत नाही. टाकीतून काढलेलं अर्धी बादली पाणी घ्या, स्पंज प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाहेर काढा म्हणजे गाळ टाकीत पडत नाही, आणि त्या बादलीत चार-पाच वेळा पिळा. पांढरा होईपर्यंत घासू नका. नळाच्या किंवा टँकरच्या ताज्या पाण्यात क्लोरिन असतं, ते जिवाणू मारतं. दोन स्पंज एकाच दिवशी धुवू नका, मध्ये दोन आठवडे जाऊ द्या. बादलीतलं पाणी कुंड्यांना घाला.

हँग-ऑन दिसायला सुबक असतो आणि टाकीत जागा अडवत नाही. अडचण एप्रिलपासून सुरू होते. बाष्पीभवनाने पातळी दोन-तीन इंच उतरली की आत ओढणारी नळी हवा घेते. लाइट परत आल्यावर काही मॉडेल पाणी पकडत नाहीत आणि मोटर कोरडी फिरते. जड पाण्याचे पांढरे क्षार इम्पेलरवर, म्हणजे मोटरच्या फिरत्या पात्यांवर, बसून आवाज वाढतो. महिन्यातून एकदा इम्पेलर काढून लिंबूसत्वाच्या पाण्यात तासभर ठेवा आणि स्वच्छ धुऊन बसवा. कार्बनची पिशवी तीन-चार आठवड्यांत निकामी होते. ती फेकताना शेजारचा स्पंज मात्र तसाच ठेवा, जिवाणू त्यातच असतात. डब्यावरचा लिटर प्रति तास हा आकडा आत काहीही नसताना मोजलेला असतो. ५० लिटरच्या टाकीला तासाला २०० ते २५० लिटर प्रवाह हवा, म्हणून ४०० लिटरच्या आसपासचं मॉडेल घ्यावं. बेट्टा (फायटर मासा) असेल तर इतका प्रवाह त्याला सोसत नाही.

पाण्यात बुडवायचे पॉवर फिल्टर स्वस्त असतात, पण स्पंज मुठीएवढा. गोल्डफिशच्या घाणीपुढे चार दिवसांत तुंबतात. गोल्डफिशला वरचा ट्रे असलेला टॉप फिल्टर बरा, झाकण उचललं की धुता येतो.

कॅनिस्टर उत्तम यंत्र आहे, पण बंद डबा. लाइट काही तास गेली की आतले जिवाणू उरलेला ऑक्सिजन संपवून मरायला लागतात आणि मोटर सुरू होताच ते सडकं पाणी टाकीत येतं. दोन-तीन तासांहून जास्त बंद राहिला तर आधी उघडून आतलं पाणी फेका, जिवाणू धरणारं माध्यम (स्पंज, रिंगा) टाकीच्या पाण्यात हलवा, मग चालू करा.

कुठलाही फिल्टर असो, उडालेल्या पाण्याच्या जागी बोअरचं पाणी ओतत राहू नका. पाणी उडतं, क्षार राहतात, दर आठवड्याला वाढतात. भर टाकायला आरओचं शुद्ध पाणी वापरा, आरओतून बाहेर फेकलेलं नव्हे. नवा फिल्टर आणला की जुना लगेच काढू नका. चार ते सहा आठवडे दोन्ही एकत्र चालू द्या, मग पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवत असतील तर जुना काढा.