झुकते पिकअप, बिल निघतं शॉकअपचं

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-सावदा पट्ट्यात केळी वाहणारी जुनी पिकअप डाव्या अंगाला झुकलेली दिसणं नवीन नाही. रस्त्याचा ढाळ डाव्या कडेला, शिवारातून निघताना एक चाक चाकोरीत आणि वर घडांचं ओझं. डावे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, आधी बसतात. मालक गाडी दाखवायला नेतो आणि गाडीखाली न वाकताच सांगितलं जातं, "भाऊ, शॉकअप गयात." फसवणूक इथूनच सुरू होते.

शॉकअप (शॉक अॅब्झॉर्बर) गाडीचं वजन पेलत नाही, ते फक्त उसळी आवरतं. वजन पेलतात पाटे. पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी सळई) किंवा कॉइल स्प्रिंग असेल तर ती. तेलाचा शॉकअप पार कोरडा झाला तरी उभी गाडी त्यामुळे कलत नाही. झुकाव काढण्यासाठी शॉकअप बदलायला सांगितले, तर समोरच्याला काम कळत नाही किंवा तो फसवतोय.

अशाच एका पिकअपच्या बिलाचा क्रम बघा. आधी मागचे दोन्ही शॉकअप. फरक पडला नाही म्हणून शॅकलचे, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या कडीचे, बुश. तरीही नाही, म्हणून मागच्या डाव्या सेटमध्ये एक जादा पाटा. रिकामी गाडी सरळ उभी राहिली आणि पैसे चुकते झाले. दुसऱ्या दिवशी माल भरला तर ती उजवीकडे कलली! एका बाजूला पाटा वाढवला की ती बाजू कडक होते, भाराखाली दुसरीच जास्त दबते. खरा दोष पुढे होता. पुढच्या डाव्या सेटचा मेन पाटा सेंटर बोल्टच्या (पाटे मधोमध एकत्र धरणारा बोल्ट) भोकातून आडवा तुटलेला, दोन्ही तुकडे सेट एक्सलला बांधणाऱ्या यू-बोल्टच्या पकडीत दबलेले. वरून सेट शाबूत दिसे. पाट्याच्या कडेला केसाएवढी तांबूस गंजाची रेघ, एवढीच खूण. अशी गाडी एक्सल सरकण्याच्या धोक्यासकट रस्त्यावर सोडून दिली होती. झुकाव मागे दिसत होता, कारण पुढचा कोपरा बसला की चेसिस सगळीच त्या बाजूला कलते.

ही तपासणी मालकाला अर्ध्या तासात करता येते. गाडी रिकामी करा, सपाट काँक्रीटवर उभी करा, डाव्या-उजव्या टायरचा साइज आणि हवा सारखी आहे का बघा. मग चेसिसच्या खालच्या कडेपासून एक्सलपर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांत टेपने मोजा. हौद्यावरून मोजू नका. इकडचे हौदे इतक्यांदा वेल्डिंग झालेले असतात की त्यांच्या कडेवर भरवसा नाही. डाव्या-उजव्यात चार सूत, म्हणजे १२ मिमीच्या आसपास फरक जुन्या गाडीत चालतो. कारण बऱ्याचदा डिझेल टाकी आणि बॅटरी एकाच अंगाला असतात. आठ सूत झाला तर दोष शोधायलाच हवा.

दोष पुढे की मागे, हे जॅक सांगतो. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, पुढच्या क्रॉस मेंबरच्या (चेसिसची आडवी पट्टी) बरोबर मध्यावर जॅक लावून पुढची चाकं जमिनीपासून जेमतेम सुटू द्या. मागचा भाग आता सरळ झाला तर दोष पुढे. झुकलेलाच राहिला तर मागे. गाडी जॅकवर असताना खाली शिरू नका. पुढच्या आणि मागच्या हबच्या मध्यांमधलं अंतरही दोन्ही बाजूंनी मोजा, स्टिअरिंग सरळ ठेवून. एका बाजूला कमी भरलं तर सेंटर बोल्ट तुटून एक्सल सरकलेला असू शकतो. शॅकल उलटा पडलाय का, चेसिसवरचं ब्रॅकेट चिरलंय का, हे टॉर्चने बघून होतं.

जुनी गाडी विकत घेताना हाच दोष लपवलेला असतो. बसलेल्या बाजूला पाटे आणि एक्सल यांच्या मधे लोखंडी पट्टी घालतात, वरून काळा रंग. पण यू-बोल्टचे आटे खोटं बोलत नाहीत: एका बाजूला नटाबाहेर सात-आठ आटे आणि दुसरीकडे दोनच, तर मधे काहीतरी घातलंय. टॉर्शन बार असेल तर अॅडजस्टिंग बोल्ट दोन्हीकडे किती बाहेर आहे ते ताडून बघा. मोठा फरक म्हणजे एक बाजू पिळून उचललेली. आणि गाडी उतारावर उभी करून दाखवत असतील तर सरळ ती हलवायला सांगा.

पाटे बदलताना तिसरा फटका बसतो. जुने पाटे ठोकून वाक देतात, रंगवून नवे म्हणून बसवतात. काही जण तर गॅसने तापवतात. तापवलेल्या पाट्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं. मग तो बसतो नाहीतर तुटतो. पाटे डाव्या-उजव्या जोडीनेच बदला, यू-बोल्ट नवे घ्या, पहिल्या भरलेल्या फेरीनंतर आणि पुन्हा ५०० किमीवर नट कसून घ्या.

काढलेले सुटे भाग परत मागा आणि पक्कं बिल घ्या. तेच तुमचा पुरावा. धंद्यासाठी गाडी म्हणजे ग्राहक कायदा लागू नाही, असं सांगून पिटाळतात. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालवणारा माणूस २०१९ च्या कायद्यात ग्राहकच आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.