पीएचपी की पायथन? आमचं देवगड शून्यावर सापडलं
मे महिन्यात, ऐन हंगामात काकांचा गोदामातून फोन आला: "आमचा देवगड खंय गेला रे?"

पेट्यांच्या हिशेबाचा प्रोग्राम मीच पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला. 'हापूस देवगड ५ डझन' असं लेबल असलेल्या पेट्या रिपोर्टात दिसत होत्या, 'देवगड हापूस ५ डझन' लिहिलेल्या सगळ्या गायब. लेबलात 'देवगड' शोधायला मी स्ट्रपॉस वापरलं होतं. हे फंक्शन (भाषेतली तयार आज्ञा) शब्द कुठे सापडला ते सांगतं. अगदी सुरुवातीला सापडला तर उत्तर ०, सापडलाच नाही तर फॉल्स, म्हणजे 'नाही'. 'जर असं असेल तर' तपासणाऱ्या इफला दोन्ही सारखेच, 'नाही'च. तिहेरी बरोबरचं चिन्ह लावून तपासायला हवं होतं, मॅन्युअलात तशी ताकीदही आहे. चूक माझीच.

पण चिडचिड त्याआधीपासूनची. स्ट्रपॉसला कुठे शोधायचं ते आधी द्यायचं, यादीत शोधणाऱ्या इन_ॲरेला काय शोधायचं ते आधी. स्ट्रिंगला (मजकुराला) एक क्रम, ॲरेला (यादीला) दुसरा, असं जाणते समजावतात. मग ॲरे_मॅपला फंक्शन आधी आणि ॲरे_फिल्टरला ॲरे आधी, हे कुठल्या नियमात बसवायचं? आता क्रम बदलला तर चालू साइट कोसळतील, म्हणून कोणी हात लावत नाही. २०२० मध्ये पीएचपी ८ बरोबर, शब्द आहे की नाही एवढंच सांगणारं स्ट्र_कंटेन्स आलं आणि माझं निम्मं भांडण मिटलं. जुनी फंक्शनं आहेत तिथेच आहेत.

दुसरी भाषा पायथन, तीही काही फार सोवळी नाही. ओळीने आकडे देणारं रेंज(१, १०) नवावर थांबतं, कुठलाही एक आकडा उचलणारं रँडइंट(१, १०) दहालाही धरतं. प्रोग्राम तपासायच्या युनिटटेस्टमधली नावं जावा या तिसऱ्याच भाषेच्या वळणाची. स्ट्रपॉससारख्याच फाइंडला शब्द सापडला नाही तर उणे १ मिळतं आणि इफला ते खरं वाटतं, म्हणजे खड्डा तोच, दुसऱ्या अंगाने. फक्त आहे की नाही तेवढं सांगणारं साधं 'इन' हाताशी असल्यामुळे मला त्या वाटेला जावं लागलं नाही.

मराठीचं म्हणाल तर 'आंबा'ची लांबी पीएचपीचं स्ट्रलेन १२ सांगतं (साठवणीचे बाइट मोजतं ते), पायथनचं लेन ४ (अनुस्वार आणि काना वेगळे धरून). अक्षरं दोनच, आणि ती बरोबर २ मोजणारं ग्राफीम_स्ट्रलेन पीएचपीकडे आहे. एवढा मान द्यायलाच हवा.

स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर (अनेकांच्या साइट एकत्र ठेवणाऱ्या भाड्याच्या सर्व्हरवर) फाइल चढवली की काम सुरू, एवढंच हवं असेल तर पीएचपी घ्या, बिघडत नाही. मी मात्र पाऊस लागल्यावर काकांचा प्रोग्राम पायथनमध्ये उतरवला. देवगड परत आलं. काका अजूनही रोज संध्याकाळी वहीशी ताळा करतात.